गर्दी पावणेसातला येते : फुटबॉल क्लबांच्या मॅचडे विभागांना खुले पत्र

प्रति,
मॅचडे व्यवस्थापन विभाग,
भारतातले व्यावसायिक फुटबॉल क्लब

विषय : घरच्या सामन्याला प्रेक्षक आत घेणे, आत सांभाळणे आणि सुखरूप घरी सोडणे

स. न. वि. वि.

आम्ही गॅलरीत बसणारी माणसं. प्रशिक्षक कोण असावा, नवा स्ट्रायकर का घेतला नाही, यावर या पत्रात एक ओळही नाही. त्यासाठी आमचा चहाचा कट्टा पुरेसा आहे. हे पत्र गेटचं, पाण्याचं, मुताऱ्यांचं आणि शेवटच्या गाडीचं आहे. ते कुणा एका क्लबावर रोखलेलं नाही. अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल असो, मडगावचं फातोर्डा असो की कोलकात्याचं सॉल्ट लेक, हिशेब तोच राहतो, फक्त आकडे बदलतात.

सुरुवात गेटपासून, कारण बाकीचं बरंचसं तिथेच बिघडतं.

अंधेरीचं उदाहरण धरा. सामना साडेसातचा. गेटं साडेपाचला उघडतात. दोन तास, सहा हजार माणसं, म्हणजे मिनिटाला पन्नास. कागदावर हे सोपं दिसतं. पण सहा हजार माणसं दोन तासांत सारखी वाटून कधीच येत नाहीत. कामाच्या दिवशी ऑफिस सुटतं सहाला, लिंक रोड तुंबलेला असतो, घाटकोपरहून मेट्रो भरून येते. साठ टक्के माणसं शेवटच्या पंचेचाळीस मिनिटांत येतील असं धरा. म्हणजे ३६०० माणसं ४५ मिनिटांत, मिनिटाला ८०.

आता अंगझडती. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाणं, हात वर करणं, खिसे दाखवणं, हे सगळं आठ सेकंदांत उरकतं. पाठीवर बॅग असेल तर बारा ते पंधरा. तिकीट स्कॅन होईना झालं तर अर्धं मिनिट. सरासरी एका रांगेतून मिनिटाला सहा माणसं सुटतात. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, ती एका टर्नस्टाइलमधून (एका वेळी एकच माणूस सोडणाऱ्या फिरत्या फाटकातून) तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरते, म्हणजे मिनिटाला अकरा. ही कमाल मर्यादा आहे, आणि आपल्याकडची झडती धरली तर तिच्या जवळपासही पोचता येत नाही. मिनिटाला ८० माणसं आत घ्यायची तर चौदा रांगा लागतात. सहा रांगा लावल्या तर ४५ मिनिटांत १६२० माणसं आत जातात. पहिली शिट्टी वाजते तेव्हा १९८० बाहेर असतात आणि त्यांना आत यायला आणखी ५५ मिनिटं लागतात. शेवटचा माणूस आत पोचतो तेव्हा मध्यांतर सुरू असतं. तिकीट मात्र त्याने नव्वद मिनिटांचं घेतलेलं असतं.

म्हणून पहिली मागणी : रांगांची संख्या एकूण तिकिटांवरून ठरवू नका, शेवटच्या पाऊण तासावरून ठरवा. मागच्या तीन-चार सामन्यांच्या स्कॅनरमध्ये प्रत्येक तिकिटाची वेळ नोंदलेली असते. ती पाच-पाच मिनिटांच्या गठ्ठ्यांत मांडली की कुठल्या गेटवर किती वाजता पूर येतो ते स्पष्ट दिसेल. हा तक्ता करायला एक माणूस आणि एक दुपार पुरते.

बायकांच्या रांगेचा हिशेब वेगळा ठेवा. महिला सुरक्षारक्षक, पडद्याची खोली, पर्स उघडून बघणं, यात एकीला बारा-पंधरा सेकंद जातात. मिनिटाला चार-पाच. शेवटच्या पाऊण तासात ७२० महिला आल्या तर मिनिटाला सोळा होतात, म्हणजे चार खोल्या लागतात. तिथे एकच असली की बाप-मुलगा आत आणि आई-मुलगी बाहेर अशी ताटातूट होते. मग बाप गेटच्या आतच थांबून राहतो, त्याच्यासारखे आणखी शंभर थांबतात, आणि झडतीनंतर मोकळी असायला हवी ती जागा भरते. मागची रांग हलत नाही, आणि ती का हलत नाही हे बाहेर कुणालाच कळत नाही. यावर उपाय स्वस्त आहे : झडतीच्या पुढे पंधरा-वीस पावलांवर, वाटेच्या बाजूला, 'कुटुंबासाठी थांबा' असा फलक लावून जागा आखा.

मोबाइलच्या तिकिटाबद्दल. तिकीट फोनवर, आणि पॉवर बँक आत न्यायला बंदी. सहा हजार फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क बसतं, अ‍ॅप गोल गोल फिरत राहतं आणि ऐन स्कॅनरसमोर बॅटरी जाते. तीन गोष्टी करा. तिकीट नेटशिवाय उघडेल असं ठेवा, किंवा त्याचा स्क्रीनशॉट चालेल हे स्पष्ट लिहा. स्कॅनरला दिवसभराची यादी आधीच भरून द्या, म्हणजे तोही नेटवर अडणार नाही. आणि अडलेल्या तिकिटांसाठी रांगेच्या बाहेर वेगळं टेबल ठेवा. रांगेच्या तोंडाशी वाद घालणारा एक माणूस दोन मिनिटांत बाराजणांना अडवतो.

बंदी असलेल्या वस्तूंची यादी हा स्वतंत्र विनोद आहे. नाणी नकोत, म्हणजे परतीच्या बसला सुटे नाहीत. हेल्मेट नको, पण दुचाकीवरून हेल्मेटशिवाय आलं की पोलिसांचा दंड. बॅग नको, पण माणूस थेट ऑफिसातून आलेला. या बंदीमागचं कारण आम्हाला मान्य आहे : फेकता येईल अशी जड वस्तू आत नको. मग त्या वस्तू ठेवायची सोय गेटबाहेर हवी. चारशे हेल्मेटांसाठी दोन तंबू, लोखंडी मांडण्या, दोन भागांचं क्रमांकाचं टोकन आणि चार माणसं लागतात. चार का, तर वस्तू घेताना गर्दी दीड तासात विभागलेली असते, पण परत देताना सगळे दहा मिनिटांत येतात. इथे हमखास चुकतं. टोकनाच्या क्रमाने मांडणी लावली नसेल तर 'काळं, स्टड्स कंपनीचं' असं सांगून चारशेतलं एक हेल्मेट शोधावं लागतं.

फलकांचंही एक सांगायचं आहे. तिकिटावर लिहिलेलं असतं 'ईस्ट लोअर', आणि संकुलाच्या भिंतीवर रंगवलेलं असतं 'द्वार क्र. ३'. रिक्षावाल्याला यातलं काहीच माहीत नसतं. तिकिटावर गेटचा तोच क्रमांक छापा जो भिंतीवर आहे, आणि रिक्षातून कुठे उतरायचं ती खूणही द्या. फलक मराठीतही लावा आणि माणसाच्या डोक्याच्या वर, किमान अडीच मीटरवर लावा. छातीच्या उंचीचा फलक मैदान रिकामं असताना सुंदर दिसतो. गर्दी झाली की तो पहिल्या रांगेतल्या लोकांच्या पाठीमागे गडप होतो.

हे सगळं इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गेटची दाटी अशीच जिवावर बेतली. लेपिंग्ज लेन या बाजूच्या मोजक्या टर्नस्टाइलवर बाहेर दाटी झाली, ती सोडवायला बाहेर पडायचं मोठं गेट उघडलं, आणि लोंढा समोरच्या बोगद्यातून आधीच भरलेल्या, कुंपणं घातलेल्या मधल्या कप्प्यांत शिरला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. सामना वेळेवर सुरू झाला. ९७ माणसं जिवानिशी गेली. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूत चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण गेले. तो क्रिकेटचा जल्लोष होता, पण दाटी गेटावरचीच होती.

म्हणून दुसरी मागणी : सुरुवात पुढे ढकलण्याचा नियम आधी लिहून ठेवा. सव्वासात वाजता बाहेर अमुक इतकी माणसं असतील तर सामना पंधरा मिनिटं उशिरा, हे कुणी ठरवायचं त्याचं पद त्या कागदावर हवं. टीव्हीवाले कुरकुरतील. निर्णय झाला की तो बाहेरच्या रांगेला आधी सांगा, भोंगा घेऊन, मराठीत आणि हिंदीत. आतल्या लोकांना उशिरा कळलं तरी चालतं. बाहेरच्यांना कळलं नाही तर शिट्टीच्या आवाजाने ते पुढे ढकलतात, आणि पुढच्याला मागून आलेला रेटा परतवता येत नाही.

आता लोक मुळात इतक्या उशिरा का येतात? वाहतूक हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मैदानाच्या आत आहे : साडेपाचला आत जाऊन करायचं काय? पाण्याची बाटली गेटवर काढून घेतलेली, आत पाणी कुठे आहे ते दिसत नाही, खायला समोसा आणि पॉपकॉर्न बाहेरच्या तिप्पट भावात, खुर्चीवर धूळ, आणि पश्चिमेचं ऊन डोळ्यांत. शहाणा माणूस बाहेर वडापाव खाऊन सात वाजता येतो. गेटवरची दाटी कमी करायची तर आतला तास सुसह्य करावा लागेल. या दोन गोष्टी तुमच्याकडे बहुधा दोन वेगळ्या कंत्राटदारांकडे असतात, म्हणून त्यांचा संबंध कुणी जोडत नाही.

पाणी. सहा हजार माणसं, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे ३००० लिटर, म्हणजे वीस लिटरचे १५० जार. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत मार्च-एप्रिलला याच्या दीडपट धरा. वेट बल्ब ग्लोब तापमान (उष्णता, दमटपणा आणि ऊन मिळून काढलेला आकडा) ३२ अंशांच्या वर गेलं की फिफाच्या मार्गदर्शनानुसार खेळाडूंना पाणी प्यायला खेळ थांबवतात. गॅलरीतल्या ढोलवाल्याचा घाम कुणी मोजत नाही. १५० जार गेटं उघडायच्या आत जागेवर हवेत. माणसं आली की ट्रॉली जिन्यापर्यंत पोचत नाही, आणि वीस किलोचा जार खांद्यावर घेऊन गर्दीतून वर चढायला कुणी तयार होत नाही. मध्यांतराला पाणी संपतं ते बहुतेकदा यामुळे : जार गोदामात असतात, वर पोचलेले नसतात.

नळाचाही हिशेब करा. एका नळावर पेला घेणं, भरणं, बाजूला होणं यात वीस सेकंद जातात. पंधरा मिनिटांत पंचेचाळीस माणसं. वीस नळ लावले तरी मध्यांतरात नऊशेच. तेव्हा पाणी फिरतं हवं : कागदी पेल्यांचे ट्रे घेऊन रांगांतून फिरणारी पोरं, पहिल्या शिट्टीच्या आधी एकदा आणि मध्यांतराला एकदा. झाकण काढलेली बाटली विकण्यापेक्षा पेला बरा. भरलेली बाटली झाकण नसलं तरी लांब जाते, पेला तीन रांगांपलीकडे जात नाही.

मुताऱ्यांचं गणित याहून कडू. ४८०० पुरुषांतले चौथाई मध्यांतराला उठले तर बाराशे. एका भांड्यावर पंधरा मिनिटांत पंधरा-सोळा माणसं होतात. म्हणजे पाऊणशे भांडी हवीत. बाराशे महिलांतल्या तीनशे उठल्या तर, दर दोन मिनिटांना एक धरून, एका संडासात सात जणी. त्रेचाळीस हवेत. इतकं पक्कं बांधकाम शक्य नसेल तर फिरती शौचालयं आणा, पण महिलांच्या बाजूला जास्त. बघावं तेव्हा उलटंच असतं. आणि पाण्याची टाकी बघा. दीड हजार माणसं, प्रत्येकी पाच लिटर, म्हणजे पाव तासात साडेसात हजार लिटर. पाच हजारांची टाकी मध्यांतरातच कोरडी पडते, पंप चालू करणारा माणूस सामना बघत असतो, आणि दुसऱ्या हाफमध्ये त्या बाजूला जाववत नाही. पंपावरच्या माणसाला चाळिसाव्या मिनिटाला पंप लावायला सांगा. यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही.

आवाजाबद्दल थोडं बोलू. क्लबाची जाहिरात करताना तुम्ही आमच्याच गॅलरीचे फोटो वापरता : मुंबईची वेस्ट कोस्ट ब्रिगेड, केरळची मांजप्पडा, बेंगळुरूची वेस्ट ब्लॉक ब्लूज, समर्थकांचा जो गट ज्याचा असेल तो. आणि सामन्याला डीजे लावून तीच गॅलरी गप्प करता. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब या स्थानिक संघांच्या सामन्याला कुणी 'आवाज वाढवा' म्हणून सांगत नाही. तिथे आवाज पेठेतून चालत येतो. सामन्याआधीची वीस मिनिटं आणि मध्यांतरातली शेवटची पाच स्पीकर बंद ठेवा. एवढंच. गोल झाल्यावर गाणं वाजवायचंच असेल तर दहा सेकंद, कारण त्यानंतर खेळाडूचं नाव आम्हाला घ्यायचं असतं.

ढोल, ताशा, झेंडे, कठड्यावरून सोडायचं मोठं रंगवलेलं कापड, यांची परवानगी गेटवर मागायची वेळ येऊ नये. सामन्याच्या ४८ तास आधी यादी घ्या : किती ढोल, किती काठ्या, कापडाची लांबी-रुंदी, सोबत येणाऱ्यांची नावं. त्यावर क्लबाचा आणि पोलिसांचा शिक्का मारून एक प्रत गेटवरच्या माणसाच्या हातात द्या. त्याच माणसाच्या. ई-मेल ऑफिसात आणि बाउन्सर गेटवर, ही जुनी रड आहे. काठी म्हणजे अर्ध्या इंची पोकळ पीव्हीसी पाइप, मीटरभर. बांबू किंवा लोखंड आम्हालाही नको. धूर आणि फटाके आम्ही मागत नाही.

दहा बाय पंधरा मीटरचं कापड म्हणजे दीडशे चौरस मीटर. चौरस मीटरला दीडशे ग्रॅम भरणारं सुती कापड घेतलं तर ते साडेबावीस किलो भरतं, रंग वेगळा, आणि भिजलं की चार माणसांनाही जड जातं. ते गुंडाळून, दोऱ्या बांधून, वरच्या कठड्यावर लावायला अडीच-तीन तास जातात. गेटं उघडल्यावर ते लावता येत नाही, कारण खाली माणसं बसलेली असतात. तेव्हा पंधरा-वीस जणांना दुपारी साडेतीनला आत सोडा. आग न धरणारा लेप लावलेलं कापड हवं असेल तर तसं आधी सांगा, कारण रंगवून झाल्यावर लेप लावला की रंग पसरतो. आणि कापड जाहिरातीच्या फळीवर येणार असेल तर तेही आधीच सांगा. बहुतेक भांडणं सुरक्षेवरून होत नाहीत, या फळीवरून होतात.

पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी ठरलेला कोपरा, त्याचं स्वतंत्र गेट, स्वतंत्र पाणी आणि संडास हवेत. 'जर्सी झाकून बसा' ही व्यवस्था म्हणता येत नाही. सामन्यानंतर त्यांना आत थांबवणार असाल तर किती वेळ ते तिकिटावर लिहा. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण त्यांची रात्रीची गाडी असते.

बाहेर पडण्याबद्दल तुम्ही कमी बोलता, म्हणून एक आकडा. त्याच ब्रिटिश मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात, जिन्यावर ६६, आणि आठ मिनिटांत जागा रिकामी व्हायला हवी. दोन हजारांचा स्टँड आठ मिनिटांत रिकामा करायचा तर मिनिटाला अडीचशे, म्हणजे सपाट वाटेवर तीन मीटरहून आणि जिन्यावर पावणेचार मीटरहून थोडी जास्त मोकळी रुंदी लागते. गेटची एक झडप 'व्हीआयपी गाड्या निघेपर्यंत' लावून ठेवली की वेळ दुप्पट होतो. टीप एवढीच : पंच्याहत्तराव्या मिनिटाला प्रत्येक गेटची दोन्ही दारं उघडी आहेत का ते एका माणसाने चालत जाऊन बघावं, आणि कुलूप असेल तर किल्ली घेतलेला माणूस तिथेच उभा असावा. 'किल्ली ऑफिसात आहे' हे उत्तर चालणार नाही.

राहिली परतीची वाट. साडेसातचा सामना साडेनऊच्या आसपास सुटतो. अंधेरीला सुटणारे लोक आझाद नगरच्या स्थानकाकडे चालत जातात, घाटकोपरला मेट्रो सोडून मध्य रेल्वे पकडतात, पुढे डोंबिवली-कल्याण. उपांत्य सामना जादा वेळेत आणि पेनल्टीत गेला तर मैदानातच सव्वादहा-साडेदहा होतात. चार डब्यांच्या मेट्रोत ही गर्दी एकदम घुसत नाही. कोची मेट्रोने फुटबॉलच्या रात्री गाड्या उशिरापर्यंत चालवल्या आहेत. जर्मनीत बऱ्याच क्लबांच्या तिकिटातच त्या दिवसाचा बस-ट्रेनचा प्रवास येतो. तुम्ही निदान मेट्रो आणि बेस्टला वेळापत्रकाची प्रत हंगामाआधी पाठवा, आणि बाद फेरीच्या सामन्यांसाठी वेगळं पत्र द्या. शेवटची गाडी किती वाजता, हे ऐंशीव्या मिनिटाला मोठ्या पडद्यावर दाखवा. प्रायोजकाची जाहिरात तेव्हा तीस सेकंद थांबली तर काही बिघडत नाही.

या पत्राला छापील उत्तर नको. पुढच्या घरच्या सामन्याआधी ४८ तास एवढं जाहीर करा : गेटनिहाय रांगा किती, त्यात महिलांच्या किती, पाण्याच्या जागा किती, हेल्मेट कुठे ठेवायचं आणि सुरुवात पुढे ढकलण्याचा निर्णय कुणाकडे. मोजायचं काम आमच्याकडे द्या. प्रत्येक गेटवर दोन माणसं, एक स्टॉपवॉच आणि एक हातातलं मोजयंत्र घेऊन साडेपाच ते आठ उभी राहतील. सामना संपल्यावर कागद तुमच्या टेबलावर असेल. त्या माणसांना पहिला हाफ बघायला मिळणार नाही, ते आम्ही आपसांत वाटून घेऊ.

आपले,
पूर्व गॅलरीतले, तिकीट काढून येणारे